भूक गेल्यावरचं ताट



भूक कमी करून वजन उतरवणारी औषधं, हा आजचा विषय तीन-चार वर्षांपूर्वी एखाद्या व्याख्यानमालेत कुणी घेतला असता, तर तो डॉक्टरांच्या परिषदेपुरता आहे असं म्हणून आपण बाजूला ठेवला असता. पण मार्च २०२५मध्ये टिर्झेपॅटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावानं भारतात आलं. जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावानं आलं. मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत संपली आणि भारतीय कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली. आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायचं, एवढाच हा उपचार. त्याबद्दल आता लोकलच्या महिलांच्या डब्यात, हळदी-कुंकवाला, ब्यूटी पार्लरमध्ये बोललं जातं. कुणाचं किती उतरलं, कुणाला उलट्या झाल्या, कुणाचे केस गळाले. काहींना हा चमत्कार वाटतो, काहींना आळशी माणसांची पळवाट. दोघांचीही नजर मात्र वजनकाट्यावरच असते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ही औषधं भूक कमी करतात आणि ते काम उत्तम करतात. पण आपल्या घरांत बाईच्या ताटात काय पडतं, हे तिच्या भुकेवर कधीच पुरतं अवलंबून नव्हतं. वाढण्याचा क्रम, पातेल्यात उरलेलं, उपासाचे वार, मुलांच्या डब्यातून परत आलेलं, यांवर ते ठरत आलं. त्या सगळ्यात तिच्या बाजूनं बोलणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिची स्वतःची भूक. औषधानं ती गप्प केल्यावर ताटात काय उरतं, यावर तिची पाळी, तिचे स्नायू, तिची हाडं आणि औषध थांबल्यानंतरचं तिचं खाणं ठरणार आहे. म्हणून ताटाचा विचार हा या उपचाराचाच भाग मानायला हवा. सोबत जोडायचा आहारतक्ता म्हणून त्याच्याकडे बघून चालणार नाही.

आधी हे औषध करतं काय, ते पाहू. आपण जेवलो की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि ‘पुरे’ हा निरोप मेंदूपर्यंत नेतं. या संप्रेरकाच्या मूळ संशोधनात स्वेतलाना मोइसोव्ह या स्त्री-शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. तिच्या कामाची नीट दखल घेतली जायला कितीतरी दशकं गेली. २०२४चा लास्कर पुरस्कार तिला इतर दोघांसह मिळाला. शरीरातलं नैसर्गिक जीएलपी-१ मिनिटा-दोन मिनिटांत विरघळून जातं. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल करतं, पण शरीरात त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. जेवणापुरता येऊन जाणारा निरोप आठवडाभर अखंड चालू राहतो. टिर्झेपॅटाइड याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. परिणाम मोठे आहेत, यात वाद नाही. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप-१’ चाचणीत १,९६१ जणांपैकी ज्यांना सेमाग्लुटाइड मिळालं, त्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्क्यांनी. या चाचणीत जवळजवळ तीन-चतुर्थांश सहभागी स्त्रिया होत्या. याच औषधानं हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू हे सगळं मिळून २० टक्क्यांनी घटतं, हे दाखवणारी ‘सिलेक्ट’ ही १७,६०४ जणांची चाचणी २०२३मध्ये आली. तिच्यात मात्र स्त्रिया एक-चतुर्थांशाहून थोड्याच जास्त होत्या. वजनाच्या चाचणीत बायका बहुसंख्य आणि हृदयाच्या चाचणीत अल्पसंख्य. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. स्त्रीचं वजन मोजायला वैद्यक फार लवकर तयार होतं आणि त्या वजनापलीकडे तिच्यात काय घडतं, हे मोजायला उशीर लावतं. ‘स्टेप-१’मध्येही पाळी हे मुख्य मोजमाप नव्हतं.

पाळीपासूनच सुरुवात करू, कारण या औषधांचा सगळ्यात मोठा फायदा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा धोका, दोन्ही तिथे एकत्र दिसतात. बीजकोषांच्या ज्या विकाराला आपल्याकडे पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणतात, त्यात बहुतेक वेळा इन्सुलिनचा वाटा असतो. इन्सुलिन जास्त राहिलं की वजन उतरत नाही, हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीमुळे महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालं आहे. पण इन्सुलिन बीजकोषांपर्यंतही पोचतं, हे तितकं माहीत नाही. रक्तात इन्सुलिन सतत चढं राहिलं की बीजकोषांत पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात. त्याच वेळी यकृताकडून एक प्रथिन कमी तयार होऊ लागतं. टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवायचं काम या प्रथिनाचं. ते कमी पडलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवरचे केस, मुरुमं, दोन-दोन महिने न येणारी पाळी, न होणारी गर्भधारणा, हे सगळं या साखळीतून येतं. वजन पाच-दहा टक्क्यांनी जरी उतरलं, तरी ही साखळी अनेकींमध्ये सैल पडते आणि बीज पुन्हा सुटू लागतं. वर्षानुवर्षं ‘जरा कमी खा’ एवढंच ऐकलेल्या बाईला हे औषध मिळणं म्हणजे तिच्या शरीराला पहिल्यांदा मदत मिळणं होय. त्याला पळवाट म्हणणाऱ्यांशी माझा सरळ मतभेद आहे.

पण हीच साखळी दुसऱ्या टोकाकडून पाहिली पाहिजे. मेंदूतलं हायपोथॅलॅमस शरीरात ऊर्जा पुरेशी येते आहे का, यावर सतत लक्ष ठेवतं. चरबीतून येणारं लेप्टिन हा त्याला मिळणारा एक मोठा निरोप. ऊर्जा फारच कमी पडू लागली की हायपोथॅलॅमस बीजकोषांना चालना देणाऱ्या संप्रेरकांचे ठोके मंद करतं आणि पाळी लांबते किंवा थांबते. धावपटू मुलींमध्ये आणि कठोर डाएट करणाऱ्यांमध्ये हे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरींहून कमी ऊर्जा उरली, तर तरुण, सडपातळ स्त्रियांमध्ये हे ठोके पाच दिवसांत विस्कळीत होतात, असं २००३मधल्या एका प्रयोगात दिसलं होतं. हा आकडा लठ्ठ स्त्रीला जसाच्या तसा लावता येत नाही. तिच्या चरबीतून लेप्टिन पुरेसं येत असतं. पण जी मुळात लठ्ठ नाहीच, जिला लग्नाआधी सहा-सात किलो उतरवायचे आहेत म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शनचं पेन सुरू झालं आहे, तिच्याबाबतीत तो बराच लागू पडतो. एका मुलीची बंद पडलेली पाळी सुरू करणारं औषध दुसरीची चालू पाळी बंद पाडू शकतं, आणि दोघींच्या पेनमध्ये औषध एकच असतं. फरक त्या कोणत्या वजनावरून निघाल्या आणि रोज किती व काय खातात, याचा असतो. या औषधांसाठीचे निकष, म्हणजे बीएमआय ३०च्या वर किंवा वजनामुळे आलेला एखादा आजार असेल तर २७च्या वर, हे कोरडे कागदी नियम नाहीत, ते या कारणासाठी.

पाळी परत येण्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दर महिन्याला पाळी येऊ लागली की दर महिन्याला रक्त जाऊ लागतं, म्हणजे लोहाची गरज वाढते, आणि नेमकं त्याच वेळी औषधामुळे खाणं घटलेलं असतं. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. त्याच सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ आहेत. हे दोन वेगवेगळ्या बायकांचे गट आहेत अशी आपली समजूत असते. पण ते आकडे अनेकदा एकाच शरीरात एकत्र राहतात: कंबर रुंद आणि हिमोग्लोबिन नऊ. अशा बाईला जीएलपी-१चं पेन देताना आधी रक्त तपासलं नाही, तर तिचा थकवा ‘औषधामुळे येतो असा’ म्हणून सोडून दिला जाईल.

गर्भनिरोधनाचं थोडक्यात सांगतो. टिर्झेपॅटाइडमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि तोंडानं घेतलेल्या गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक रक्तात नीट पोचत नाही. म्हणून औषध सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गोळीवर विसंबू नये, कंडोम किंवा दुसरं साधन वापरावं, असं कंपनीच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. भारतात गोळी घेणाऱ्या स्त्रिया थोड्या आहेत. आपलं कुटुंबनियोजन मुख्यतः बाईच्या शस्त्रक्रियेवर चालतं. त्यामुळे हा प्रश्न परदेशातला आहे असं वाटू शकतं. पण आपल्याकडे तीच गोळी पीसीओडीसाठी, पाळी नियमित यावी म्हणून, अनेक तरुण मुलींना दिली जाते. ज्यांना टिर्झेपॅटाइड सुचवलं जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्या याच मुली, आणि त्यांच्यातच बीज पुन्हा सुटू लागतं. गर्भावस्थेत ही औषधं घ्यायची नाहीत. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आणि टिर्झेपॅटाइड महिनाभर आधी बंद करावं, असं ब्रिटनच्या औषध नियामकानं २०२५मध्ये स्पष्ट केलं. ही सूचना लक्षात ठेवा, कारण पुढे ‘औषध आयुष्यभर घ्या’ या मुद्द्यापाशी तिच्याकडे पुन्हा यावं लागेल.

आता स्नायूंकडे वळतो. वजन कोणत्याही मार्गानं उतरलं तरी सगळी चरबीच जात नाही. ‘स्टेप-१’मधल्या १४० जणांची शरीररचना स्कॅनवर मोजली, तेव्हा उतरलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीविरहित होता. टिर्झेपॅटाइडच्या अशाच मोजमापात तो सुमारे २५ टक्के निघाला. सत्तर किलोच्या बाईचे दहा किलो उतरले, तर त्यातले अडीच ते चार किलो हे असे गेले. यावर डॉक्टरांचा एक आक्षेप असतो आणि तो योग्य आहे. चरबीविरहित वजन म्हणजे सगळे स्नायू नव्हेत; त्यात पाणी येतं, यकृत येतं, शिवाय जड शरीर वाहायला लागणारे जादाचे स्नायू वजन उतरल्यावर लागतच नाहीत. चरबी त्याहून जास्त जाते, म्हणून एकूण प्रमाण सुधारतं आणि माणूस जिने चढू लागतो. १०५ किलोच्या स्त्रीबद्दल, म्हणजे ‘स्टेप-१’मधलं सरासरी वजन जेवढं होतं तेवढ्या स्त्रीबद्दल, हे मला मान्य आहे. तोच दिलासा आपल्याकडच्या ६८ किलोच्या बाईला देताना मात्र थांबायला हवं.

का थांबायचं, याचं उत्तर पुण्यातूनच आलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच टिकलेली. बारीक दिसणारं पण चरबी राखणारं हे शरीर जन्मापासून सोबत येतं. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र प्रसिद्ध झालं: दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. ज्या समाजात स्नायूंची शिल्लक जन्मतःच कमी, तिथल्या बाईच्या खात्यातून तीन किलो काढले जातात तेव्हा हिशोब वेगळा होतो. तिची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं विरळ होऊ लागतात. पाळी गेल्यानंतर शरीरात जे थोडं इस्ट्रोजेन बनतं, त्यातलं बरंचसं चरबीतच बनतं. चरबी उतरली की तेही कमी होतं. गर्भाशयाच्या आणि स्तनांच्या कर्करोगाच्या दृष्टीनं हे चांगलंच, हाडांच्या दृष्टीनं मात्र नाही. पन्नाशीच्या बाईला साखर, रक्तदाब आणि गुडघे यांच्यासाठी हे औषध द्यावं लागेल आणि ते द्यावंही. फक्त त्याच दिवशी तिच्या मांड्यांचा आणि मणक्यांचा विचार व्हायला हवा.

इथे ताट येतं. भूक निम्म्यावर आलेल्या एखाद्या बाईचा दिवस समोर ठेवू. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी आणि दोन चमचे वांग्याची भाजी. वरणाची वाटी भरून घेतली होती, पण तोवर पोट गच्च झालं, म्हणून ती मुलाच्या भातावर गेली. चारला पुन्हा चहा. रात्री मळमळत होतं म्हणून मऊ भात आणि पातळ वरण. या दिवसात प्रथिनं पंधरा-सोळा ग्रॅम असतील, फार तर वीस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम रोज हवीत. वजन उतरत असताना स्नायू राखायचे तर त्याहून जास्त. प्रौढ स्त्रीला लोह दिवसाला २९ मिलिग्रॅम हवं, आणि या ताटात ते पाच मिलिग्रॅमच्याही खालीच असेल, त्यातलंही बरंचसं शोषलं जाणार नाही. संकष्टीचा किंवा एकादशीचा दिवस घेतला तर साबुदाणा आला, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वजन मात्र छान उतरत राहील, घरचे कौतुक करतील, आणि काही महिन्यांनी कंगव्यात केस येऊ लागतील. टिर्झेपॅटाइडच्या वजनासाठीच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या स्त्रियांपैकी ७.१ टक्क्यांनी केस गळत असल्याचं सांगितलं, पुरुषांपैकी ०.५ टक्क्यांनी. झपाट्यानं वजन उतरण्याशी याचा संबंध जोडला जातो. खाणं तुटपुंजं असेल तर त्यात भरच पडते.

भूक मोठी असताना ताटातला दोष थोडा तरी झाकला जातो. चार पोळ्या खाणाऱ्या बाईला गव्हातूनच बारा ग्रॅम प्रथिनं मिळून जातात. खाणं निम्मं झालं की प्रत्येक घास मोलाचा होतो. म्हणून जेवणाचा क्रम उलटा करावा लागतो: आधी मटकीची उसळ, अंडं, पिठलं किंवा मासा, आणि मग पोटात जागा राहिली तर भाकरी. उपासाला साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, सोबत दही. जठर सावकाश रिकामं होत असल्यानं तळलेलं आणि तेलाची तर्री असलेलं सोसत नाही. थोडं थोडं, चार-पाच वेळा खावं लागतं. यातलं काहीही महाग नाही, परदेशातून आणायचं नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, मूठभर शेंगदाण्यांत सात, तीस ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्यांत पंधरा. प्रोटीन पावडरचा डबा आणला की काम झालं, असं सुचवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की पावडरनं प्रथिनं मिळतील, लोह आणि चोथा मिळणार नाही. आणि पावडर संपल्यावर घरातलं जेवण जसं होतं तसंच असेल.

खाण्याच्या टिकाऊ सवयींबद्दल औषधांचे समर्थक आणि विरोधक दोघेही चुकतात असं मला वाटतं. समर्थक म्हणतात, वर्षभर कमी खाल्लं की शरीराला सवय होते. पुरावा तसं सांगत नाही. ‘स्टेप-१’मधल्या ज्यांचा पुढे वर्षभर पाठपुरावा केला, त्यांचं औषध घेत असताना १७.३ टक्के वजन उतरलं होतं. औषध थांबल्यावर एका वर्षात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. जानेवारी २०२६मध्ये ‘बीएमजे’त ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला: वजनाची औषधं सोडल्यावर महिन्याला सरासरी ०.४ किलो परत येतात, आणि नुसत्या आहार-व्यायामानं वजन उतरवलेल्यांपेक्षा हा वेग जास्त असतो. कारण सरळ आहे. भूक आतून बंद ठेवली होती, तेव्हा कमी खाणं हे औषधाचं काम होतं, बाईनं त्यात काही शिकावं लागत नव्हतं. आता विरोधकांचं ऐका: ‘बघा, शेवटी इच्छाशक्तीच लागते.’ हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात ५० जणांनी औषधाशिवाय, अत्यल्प आहारावर वजन उतरवलं. वर्ष उलटून गेल्यावरही त्यांच्या रक्तात लेप्टिन कमी, भूक वाढवणारं घ्रेलिन चढं आणि भूक आधीपेक्षा जास्त होती. २०११मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये हे प्रसिद्ध झालं. वजन परत येणं हा शरीराचा बचाव आहे, तो बाईचा गुन्हा नव्हे. आणि परत येतं ते गेलं तसं येत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या एका अमेरिकी अभ्यासात एक किलो चरबी उतरताना ०.२६ किलो स्नायू व इतर चरबीविरहित वजन गेलं होतं, पण एक किलो चरबी परत आली तेव्हा त्यासोबत फक्त ०.१२ किलो परत आलं. दोनदा-तीनदा हे चक्र फिरलं की काटा तिथेच असतो आणि शरीर पहिल्यापेक्षा दुबळं झालेलं असतं.

यावरचा सर्वांत ताकदीचा आक्षेप असा: रक्तदाबाची गोळी आपण आयुष्यभर घेतोच, मग हे औषधही आयुष्यभर घ्यावं, सोडायचं कशाला? लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, या म्हणण्याशी मी सहमत आहे, आणि अनेकींना ते वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेनंही डिसेंबर २०२५मध्ये लठ्ठपणासाठी या औषधांच्या दीर्घकालीन वापराची शिफारस केली, पण सशर्त, आणि आहार-व्यायामाच्या सघन मदतीसह. मात्र स्त्रीच्या बाबतीत ‘सोडायचं कशाला’ हा प्रश्न अपुरा आहे. पुरुष ते वीस वर्षं सलग घेऊ शकतो. बाईला मूल हवं असेल तर ते थांबवावंच लागतं: गर्भधारणेआधी, नऊ महिने, आणि बहुधा अंगावर पाजेपर्यंत. म्हणजे शरीरातून औषध गेलेलं, भूक परत आलेली आणि पोटात बाळ, अशी तिच्या आयुष्यातली दीड-दोन वर्षं आधीच ठरलेली असतात. गर्भधारणेआधी किंवा सुरुवातीला औषध थांबवलेल्या स्त्रियांचं गरोदरपणातलं वजन इतरांपेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त वाढलं, असं बॉस्टनमधल्या नोंदींवरून २०२५मध्ये दिसून आलं. त्या काळात तिच्याजवळ उरेल ते तिचे स्नायू आणि तिच्या स्वयंपाकघरात बसलेली घडी. याशिवाय खर्च आहे. बाईच्या औषधाचे पैसे महिन्याच्या शेवटी ओढाताण झाली की सर्वांत आधी वगळले जातात. पेटंट संपल्यानं किंमत उतरेल, पण हा क्रम आपोआप बदलणार नाही.

सवय टिकते ती कशानं, याचा एक चांगला पुरावा डेन्मार्कमधून आला आहे. तिथे १९५ जणांनी आधी आठ आठवडे अल्पाहारावर वजन उतरवलं, मग वर्षभर काहींना लिराग्लुटाइड हे जीएलपी-१चं जुनं औषध, काहींना देखरेखीखाली व्यायाम, काहींना दोन्ही दिलं गेलं. सगळं थांबवून आणखी एक वर्ष गेल्यावर पाहिलं, तर नुसतं औषध घेतलेल्यांचं वजन झपाट्यानं परत आलं होतं. औषधासोबत व्यायाम केलेल्यांचं वजन त्यांच्यापेक्षा सुमारे पाच किलोंनी कमी राहिलं होतं. हाडांच्या मोजमापात नुसत्या औषधानं खुबा आणि मणक्यांची घनता घटली, व्यायामाची जोड मिळालेल्यांची टिकली. म्हणजे औषध चालू असतानाचे महिने ही एक संधी असते. भुकेची कटकट नसते, गुडघ्यांवरचा भार हलका झालेला असतो, आणि जे आधी अशक्य वाटत होतं ते अंगवळणी पाडता येतं: आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं, उसळीची वाटी आधी संपवणं.

इथे शेवटचा आक्षेप येईल: हे सगळं घरातलं झालं, डॉक्टरांनी त्यात का पडावं? कारण संधी घरातच वाया जाते. आधी सगळ्यांना वाढायचं, मग उरलं ते खायचं, हा क्रम इंजेक्शननं मोडत नाही. उलट ‘मला भूकच नाही’ हे खरं कारण हाताशी आल्यानं तो पक्का होतो. म्हणून पेन लिहून देताना हिमोग्लोबिन, शेवटच्या पाळीची तारीख, मूल कधी हवं आहे आणि ‘तुम्ही जेवता कधी, कुणाबरोबर’ हा प्रश्न, एवढं केसपेपरवर आलं पाहिजे. पुढच्या भेटीला नवऱ्याला किंवा सासूबाईंनाही बोलवावं. वाटीत उसळ कुणाची आधी पडते, हे ठरवणारी माणसं तीच आहेत. आणि संशोधकांनी, विशेषतः स्वस्त भारतीय सेमाग्लुटाइड हाती आल्यावर, आपल्या बायकांचे स्नायू, हाडं, पाळी आणि रक्त मोजावं, केवळ वजन नव्हे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून आया आणि त्यांची मुलं यांच्या नोंदी ठेवणारा अभ्यास तीसहून अधिक वर्षं चालला आहे. इतक्या चिकाटीनं शरीरं मोजणारी माणसं याच राज्यात आहेत. त्यांच्या यादीत औषध घेणाऱ्या बाईचं ताट घालायला फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही.